चेंडू आला, मुलं आली, पुढे काय?

हलाखीत वाढणाऱ्या, शाळा सुटलेल्या किंवा घरी आधार नसलेल्या मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने हात देऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न निवडून त्यांना उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ८ ते १४ वयाची २४ मुलं आहेत, मोठी माणसं दोघं आणि वेगवेगळ्या मापांचे सहा चेंडू. तासाभराच्या सरावात अर्धी मुलं नुसती उभी राहतात, मग कंटाळून भांडतात. चेंडू वाढवावेत का?

सहा चेंडू पुरतात. गोची आहे ती रांगेची. १२ मुलांची रांग लावली, एकेकाने गोलवर फटका मारायचा आणि प्रत्येकाला १० सेकंद लागतात असं धरा. मग एका मुलाची पाळी दोन मिनिटांनी येते. २० मिनिटांत त्याचे फटके होतात दहा, आणि १८ मिनिटं तो उभा असतो. इतका वेळ रिकामं उभं राहिलेलं मूल पुढच्याला ढकलणारच. त्यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही.

रांगा मोडा. पहिली १० मिनिटं अंग मोकळं करायला द्या. पुढची १० मिनिटं चार-चार मुलांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला एक चेंडू द्या. आठ पावलं लांब, आठ पावलं रुंद असा चौकोन आखा. तिघांनी एकमेकांना पास द्यायचे, चौथ्याने मध्ये राहून चेंडू हिसकवायचा. ज्याचा पास चुकेल तो मध्ये जाईल. त्यानंतरची ३० मिनिटं निव्वळ सामने : चार विरुद्ध चार, तीन मैदानं, प्रत्येक साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. गोल दोन मीटरचा, गोलकीपर नाही. खुणेसाठीचे प्लॅस्टिकचे शंकू (कोन) नसतील तर वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या चालतात. दगड मात्र ठेवू नका, पडलेल्या मुलाचं डोकं त्यावर आपटतं. आठ-आठ मिनिटांचे तीन सामने आणि मध्ये पाणी. प्रत्येक सामन्यानंतर जिंकलेला संघ एक मैदान उजवीकडे सरकतो, हरलेला एक मैदान डावीकडे. टोकाच्या मैदानावर पुढे जागा नसेल तो संघ तिथेच थांबतो. दोन फेऱ्यांत तोडीस तोड संघ आपोआप समोरासमोर येतात आणि ९-० असे रडवणारे निकाल थांबतात. वय पाहून ८ ते १० ची मुलं मात्र वेगळ्या, थोड्या लहान मैदानावर खेळवा. दोघं मोठे असाल तर तिसऱ्या मैदानाची शिट्टी १४ वर्षांच्या मुलांकडे पाळीपाळीने द्या. शेवटची १० मिनिटं सगळ्यांनी वर्तुळात बसायचं. त्याबद्दल पुढे येईलच.

आता मापांचं. ५ नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. तो १३ वर्षांच्या पुढच्यांसाठी. साधारण ८ ते १२ वयाला ४ नंबर : घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. त्याहून लहानांना ३ नंबर. आठ वर्षांच्या मुलाला ५ नंबरचा चेंडू दिला की तो पायाच्या अंगठ्याने ढोसायला लागतो, कारण पायाच्या आतल्या बाजूने तो जड चेंडू पुढे सरकतच नाही. ती सवय मग वर्षानुवर्षं सुटत नाही. सिमेंटच्या किंवा डांबरी जागेवर खेळत असाल तर कमी उसळीचा, फुटसालचा (पाच-पाच जणांच्या बंदिस्त मैदानावरच्या फुटबॉलचा) चेंडू घ्या. साधा चेंडू तिथे गुडघ्याच्या वर उसळत राहतो आणि मुलांना तो पायाखाली थांबवणंच जमत नाही.

चेंडू लवकर खराब होण्याचं मुख्य कारण खेळ नव्हे, पंपाची सुई. कोरडी सुई जोर लावून खुपसली की व्हॉल्व्ह आतल्या बाजूला ढकलला जातो किंवा चिरतो आणि मग हवा टिकत नाही. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावा, निदान ती ओली करा, आणि सरळ रेषेत हळूच आत घाला. हवा भरताना पंप डावी-उजवीकडे हलला तर सुई मुळाशी तुटते, म्हणून एकाने चेंडू गुडघ्यांत धरावा आणि दुसऱ्याने पंप मारावा. जादा सुया ठेवाच. नियमात हवेचा दाब ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर दिलेला आहे. लहान मुलांसाठी त्यातल्या खालच्या बाजूला राहा. टणक भरलेला चेंडू उन्हात पडून राहिला की शिवण उसवते.

प्रश्न : काही मुलांकडे स्टडचे (तळाला टोकं असलेले) बूट आहेत, बरीचशी अनवाणी येतात. एक देणगीदार सगळ्यांना बूट द्यायला तयार आहेत. घ्यावेत का?

घ्या, पण मुलांच्या नावावर वाटू नका. बूट संस्थेचे राहू द्या आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे वापरायला द्या. वाढत्या वयातला पाय काही महिन्यांत मापाबाहेर जातो. वाटलेला बूट मग घरात पडून राहतो आणि मूल पुन्हा अनवाणी येतं. टाचेवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घाला आणि वहीत लिहून द्या-घ्या. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय किंचित सुजलेला असतो. मूल उभं असताना कागदावर पायाची रेघ मारा. बुटात अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, त्याहून जास्त नको. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठा बूट घातला की टाच आत घसरते, फोड येतात आणि घोटा मुरगळतो. ओले बूट उन्हात किंवा आगीजवळ वाळवले की तळवा सुटतो. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवा.

तोपर्यंत एक नियम कडक पाळा : स्टडचे बूट आणि अनवाणी पाय एका मैदानावर कधीच नाहीत. पायावर स्टड पडला की नख उखडतं, बोटाचं हाड मोडतं. सगळे अनवाणी किंवा सगळे सपाट तळाच्या बुटांत. अनवाणी खेळायचं असेल तर आधी सगळ्यांनी मैदानाच्या एका कडेला हातभर अंतरावर उभं राहून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जायचं आणि काचा, खिळे, तारा वेचायच्या. पाच मिनिटं लागतात. हे काम मुलांबरोबर मोठ्यांनीही करायचं.

नडगीचं रक्षण करणारे शिन गार्ड नियमातच सक्तीचे आहेत. पुठ्ठ्याचे किंवा कापलेल्या प्लॅस्टिकचे घरगुती तुकडे मोज्यात घालू देऊ नका. त्यांची धारच जखम करते.

प्रश्न : सुरुवातीला चाळीस मुलं आली, तीन महिन्यांत पंधरा उरली. खेळ आवडतो, तरी येत नाहीत. बक्षिसं ठेवावीत का?

बक्षिसाने आठवडाभर गर्दी होईल, त्यापुढे नाही. आमचं स्पष्ट मत आहे की अशा वर्गात खरा फरक पडतो तो एका गोष्टीने : तोच मोठा माणूस, त्याच जागी, ठरल्या वेळेला, न चुकता उभा असणं. ज्या मुलांच्या आयुष्यात मोठ्यांनी दिलेला शब्द वारंवार मोडला गेला आहे, ती मुलं पहिले काही आठवडे तुम्हाला जोखत असतात. तुम्ही दोनदा सराव रद्द केलात की हाही शब्द मोडणाराच, हे उत्तर त्यांना मिळतं. म्हणून आठवड्यातले चार दिवस जाहीर करून दोनच पाळण्यापेक्षा दोनच जाहीर करा आणि दोन्ही पाळा. पाऊस आला तर? मैदानावर जा. खेळता आलं नाही तरी हजेरी घ्या आणि पुढचा दिवस पक्का करून घरी पाठवा.

हजेरीची वही मनापासून ठेवा. नाव, आला-नाही याखेरीज दोन रकाने आखा : ‘कशाने आलं नाही’ आणि ‘कोण भेटलं’. एक गैरहजेरी सोडून द्या. लागोपाठ दुसरी झाली की तिसऱ्या सरावाच्या आत कुणीतरी घरी जाऊन यायचं. जाब विचारायला नाही, ‘तुझी जागा आहे, शनिवारी वाट पाहतो’ एवढंच सांगायला. तीन आठवडे उलटून गेल्यावर गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो. तोवर मुलाला परत येण्याचीच लाज वाटू लागते.

कारणं लिहीत गेलात की चित्र दिसू लागतं. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं, हे हमखास आढळणारं कारण आहे. त्यावर उपाय सोपा आहे : भावंडाला घेऊन यायला सांगा आणि मैदानाच्या कडेला एक मदतनीस लहानांचा खेळ घेऊ दे. काम करणाऱ्या मुलांसाठी वेळ बदलावी लागेल. ती मुलांनाच विचारून ठरवा, तुमच्या सोयीने नको. काही मुलं उपाशी येतात. चक्कर, चिडचिड, पोटात दुखल्याची तक्रार ही त्याची लक्षणं असतात. सरावाच्या शेवटी काहीतरी खायला देणं शक्य असेल तर ते सुरुवातीला द्या, अर्धा तास आधी आणि सगळ्यांना. गरजूंना वेगळं काढून देऊ नका.

आणि उशीर झाला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं आजच बंद करा. उशिरा येणारं मूल अनेकदा सर्वांत जास्त अडथळे ओलांडून आलेलं असतं.

प्रश्न : मुली अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की गळतात. मुलांबरोबरच खेळवावं की वेगळं?

दोन्ही. आठवड्यातला एक सराव फक्त मुलींचा ठेवा, दुसरा एकत्र. एकत्र सामन्यात मुलींना नुसतं संघात घेऊन भागत नाही, त्यांना कुणी पासच देत नाही. कोलंबियातल्या मेडेयीन शहरात, १९९४ मध्ये आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची हत्या झाल्यानंतर, हिंसेत अडकलेल्या तरुणांसाठी फुटबॉलचा एक उपक्रम सुरू झाला. तिथे नियम केला गेला की संघाचा पहिला गोल मुलीनेच करायचा. मग मुलग्यांना झक मारत पास द्यावे लागले. हा नियम जसाच्या तसा घेता येतो. काही आठवड्यांनी मुलीच म्हणतात की आता याची गरज नाही. तेव्हा तो काढून टाका.

गळतीची कारणं मात्र मैदानाबाहेर असतात. संघाबरोबर एक तरी बाई हवी. दार बंद होणारं स्वच्छतागृह पायी पाच मिनिटांच्या आत हवं. सॅनिटरी पॅड प्रथमोपचाराच्या पेटीत असावेत आणि ती पेटी एका मुलीच्या ताब्यात असावी, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही. कपड्यांची सक्ती नको; लांब पँट, पूर्ण बाह्या, डोक्यावर घट्ट बसणारा कपडा, सगळं घालून खेळता येतं. अंधार पडायच्या आत घरी पोहोचता येईल अशी वेळ ठेवा आणि जाताना एका वाटेच्या मुलींनी एकत्र जावं. आईवडिलांना एकदा सामना पाहायला बोलवा. दारात उभं राहून कितीही समजावलं तरी जे पटत नाही, ते पोरगी खेळताना पाहून पटतं.

प्रश्न : दोन गटांतली मुलं एकत्र आली की मारामारी होते. रेफरीलाही शिव्या. संघातून काढून टाकावं का?

काढून टाकलेलं मूल सुधारत नाही, फक्त दिसेनासं होतं. ‘फुटबॉल थ्री’ नावाची पद्धत याच कामासाठी आहे आणि तिचं मूळही वर सांगितलेल्या मेडेयीनच्या उपक्रमातच आहे. यात सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून त्या दिवसाचे तीन-चार नियम ठरवतात : पडलेल्याला विरुद्ध संघाने उठवायचं, गोल झाल्यावर चिडवायचं नाही, वगैरे. दुसरा भाग म्हणजे सामना, आणि त्यात रेफरी नसतो. फाऊल झाला की मुलंच हात वर करून थांबतात आणि सोडवतात. तिसऱ्या भागात पुन्हा वर्तुळात बसायचं आणि एकमेकांच्या संघाला वागणुकीचे गुण द्यायचे. गोलांचे गुण आणि वागणुकीचे गुण मिळून निकाल लागतो. जिंकण्याला ३ आणि वागणुकीला ३ अशी वाटणी ठेवली की हरलेला संघही वर येऊ शकतो. रेफरीच्या जागी मैदानाबाहेर एक मध्यस्थ असतो. तो बसवतो, बोलतं करतो आणि गुण लिहितो.

हे बिघडतं कुठे, तर तिसऱ्या भागात. मध्यस्थ भाषण सुरू करतो. त्याने फक्त विचारायचं : ‘कुठला नियम मोडला? कधी? तेव्हा तुम्ही काय केलंत?’ आणि गप्प बसायचं. सुरुवातीला संघ एकमेकांना सूड म्हणून शून्य देतात. तिथे गुणाबरोबर एक घडलेला प्रसंग सांगण्याची अट घाला. प्रसंग सांगता आला नाही तर कमी गुण देता येणार नाही. तीन-चार सामन्यांत हिशोब खरा होऊ लागतो. दहा-बारा मिनिटांत आटपा, थंड पडलेल्या अंगाने मुलं जास्त बसत नाहीत.

गुणांच्या तक्त्यात खेळाबाहेरच्या गोष्टी आणण्याचं जुनं उदाहरण केनियातलं आहे. नैरोबीतल्या मथारे झोपडपट्टीत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन’ने वस्तीतली गटारं आणि कचरा साफ करणाऱ्या संघांना लीगमध्ये गुण द्यायला सुरुवात केली. तिथले संघ आणि लीग चालवण्यात तरुणांचाच मोठा वाटा राहिला आहे. तुमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील तर त्यांना फक्त खेळाडू ठेवू नका. वेळापत्रक लिहिणं, साहित्य मोजणं, लहानांचा सराव घेणं ही कामं नेमून द्या.

प्रश्न : एका मुलाने घरी मार बसतो असं सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाला. काय करावं?

गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एका माणसाला सांगावं लागेल, आणि काय करतोय ते तुला आधी सांगेन’ असं म्हणा. खोदून विचारू नका, पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका. त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा. आपला तर्क त्यात मिसळू नका. घरच्यांना जाऊन भिडणं ही सर्वांत घातक चूक आहे, कारण तुम्ही निघून आल्यावर मूल त्याच घरात असतं. माहिती संस्थेत बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीला द्या आणि तिने ती तुमच्याकडच्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवावी. अशी व्यक्ती नेमलेली नसेल तर सराव सुरू करण्याआधी नेमायला हवी होती. या आठवड्यात नेमा, आणि ती मुख्य प्रशिक्षकाहून वेगळी असू द्या, म्हणजे तक्रार प्रशिक्षकाबद्दल असली तरी वाट उरते.

याच ओघात : कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत नसावा. मुलांना खासगी मेसेज नकोत, गटावर लिहा आणि गटात पालक असू द्या. देणगीदारांसाठी फोटो काढताना मूल आणि पालक दोघांनाही विचारा, आणि ‘हा अनाथ’, ‘याचे वडील तुरुंगात’ असं फोटोखाली लिहू नका. ती ओळ ते मूल मोठं झाल्यावरही इंटरनेटवर राहते.

प्रश्न : टाचा आणि गुडघे दुखण्याच्या तक्रारी फार आहेत. डॉक्टर जवळ नाहीत.

साधारण ८ ते १४ वयात टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखणं बहुधा वाढीशी जोडलेलं असतं. स्नायूबंध वाढत्या हाडाला ओढत राहतात. पळणं कमी करा, काही आठवडे सराव निम्म्यावर आणा. मूल लंगडत असेल, रात्री दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्र दाखवायलाच हवं. ७ ते १३ वयासाठी ‘११ प्लस किड्स’ हा सात व्यायामांचा संच फिफाने तयार करवून घेतला होता. त्यात एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून उतरणं आणि नीट पडणं शिकवतात. युरोपातल्या चार देशांत झालेल्या चाचणीत त्याने दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या, आणि तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ च्या पुढे १५ व्यायामांचा ‘११ प्लस’ संच आहे. तो साधारण २० मिनिटांचा असून आठवड्यातून किमान दोनदा करायचा.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, एकटक बघू लागलं, तोल गेला, तर त्या दिवशी खेळ संपला. त्याने कितीही गयावया केली तरी. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा झापड दिसली तर तडक दवाखाना. आणि हलते गोलपोस्ट जमिनीला खुंट्यांनी किंवा मागच्या दांडीवर वाळूच्या पोत्यांनी जखडा. आडव्या दांडीला लोंबकळल्यावर पोस्ट अंगावर पडून मुलं दगावली आहेत.

प्रश्न : आमच्या एका १५ वर्षांच्या मुलाला ‘परदेशातल्या क्लबची निवड चाचणी’ मिळवून देतो म्हणून एकजण पैसे मागतो आहे. घरचे कर्ज काढायला निघालेत.

त्यांना आजच थांबवा. फिफाच्या नियमांत (खेळाडूंची नोंदणी आणि बदलीविषयीचं कलम १९) १८ वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली मुळातच बंद आहे. मोजके अपवाद आहेत, त्यांतले मुख्य असे : पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, मूल आणि क्लब दोघंही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, किंवा १६ ते १८ वयात युरोपीय संघातल्या देशांमधली बदली असेल. तुमचा मुलगा यातल्या कशात बसतो, हे त्या माणसाला घरच्यांसमोर विचारा. पत्र दाखवलं तर त्यावरचा फोन किंवा ईमेल वापरू नका. क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता स्वतः शोधून त्यावर विचारा आणि आपल्या देशाच्या फुटबॉल महासंघालाही लिहा. उत्तर येईपर्यंत पासपोर्ट आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. आणि मुलाशी वेगळं बोला. त्याने हे स्वप्न मित्रांना सांगून टाकलेलं असेल, त्यामुळे पुढच्या सरावाला यायला तो कचरेल. त्याच्या घरी जाऊन त्याला सोबत घेऊन या.